एकाच माणसाचं यंत्र

संगणकशास्त्र विभागात मॅडम नेमकं काय करतात, हे त्यांच्या सहकाऱ्यांना शेवटपर्यंत नीट कळलं नाही, आणि कळून घ्यावं असं कुणाला फारसं वाटलंही नाही. बाकीचे प्राध्यापक फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सूत्रं लिहीत. मॅडम माणसं बघत बसत. संगणकासमोर बसलेल्या माणसाचा हात कुठे अडखळतो, नजर कुठे भरकटते, कुठल्या बटणापाशी तो स्वतःवरच चिडतो, हे टिपायचं आणि माणसाला नव्हे तर यंत्राला बदलायचं, हा त्यांचा विषय. विभागप्रमुख त्याला "बटणांचे रंग" म्हणत. चहाच्या वेळी हमखास विचारत, "काय मॅडम, आज हिरवं की निळं?" मॅडम हसत. सुरुवातीला खरंच हसू यायचं, नंतर नुसती सवय राहिली.

खरं तर डॉक्टरेट त्यांनीही सूत्रांतच केली होती. नोकरीला लागल्यावर पहिल्याच वर्षी परीक्षा विभागातल्या एका कारकुनाने एका वर्गाचे सगळे गुण पुसून टाकले. त्याच्यावर चौकशी बसली आणि मॅडमना तांत्रिक अहवाल द्यायला सांगितलं. त्या जाऊन बघतात तर 'जतन करा' आणि 'पुसून टाका' ही दोन बटणं एकमेकांना खेटून. अहवालात त्यांनी लिहिलं की दोष बटणांचा आहे. कारकुनाची बदली झाली ती झालीच, बटणं जिथल्या तिथे राहिली. त्या दिवसापासून मॅडमचं मन सूत्रांतून उडालं ते उडालंच.

पुकारे त्यांना भेटले तेव्हा मॅडमनी चाळिशी ओलांडली होती. पुकारे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. शहरातल्या जुन्या सामानाच्या लिलावघरात ते बोली पुकारत. मेलेल्या माणसांची कपाटं, मोडलेल्या संसारांचे पलंग, बंद पडलेल्या खाणावळींची टेबलं असं सगळं त्यांच्या आवाजावर विकलं जाई. जीभ म्हणून टाळ्याला लागत नसे. माल घ्यायचा नसला तरी लोक नुसते ऐकायला यायचे. असेच एकदा एका आरशाच्या कपाटाची बोली चालू असताना पुकाऱ्यांचं "एकवार" म्हणून झालं, "दोनवार" म्हणून झालं आणि "तीनवार" काही आलंच नाही. मेंदूच्या मुळाशी रक्तस्राव झाला होता. जीव वाचला, बुद्धी शाबूत राहिली, कान शाबूत राहिले. पण शरीरातली सगळी हालचाल गेली. डोळे मिटायचे-उघडायचे आणि उजवा गाल किंचित ओढायचा, एवढंच उरलं.

पुनर्वसन रुग्णालयातल्या एका ओळखीच्या डॉक्टरांनी मॅडमना बोलावलं. खाटेशेजारी पुकाऱ्यांची धाकटी बहीण पुठ्ठ्यावर लिहिलेली अक्षरं घेऊन बसली होती. तिने लग्न केलं नव्हतं, भावाबरोबरच राहायची, घरी शिवणकाम करायची. ती बोटाने एकेक ओळ दाखवत विचारायची, "पहिली? दुसरी? तिसरी?" भावाने गाल ओढला की त्या ओळीतली अक्षरं एकेक करून म्हणायची. अक्षर मिळालं की काना, वेलांटी, मात्रा. मॅडम उभ्या राहून बघत होत्या. पुकाऱ्यांनी त्यांच्याशी पहिलं वाक्य बोलेपर्यंत चहा निवून त्यावर साय धरली होती. वाक्य होतं, "बसा. उभ्या मालाला बोली लागत नाही."

बहिणीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "माफ करा हं मॅडम. वाचा गेली, पण तोंडाळपणा काही गेला नाही याचा."

मॅडम बसल्या. आणि तिथून पुढची कित्येक वर्षं त्या खाटेजवळून जणू उठल्याच नाहीत.

अशा रुग्णांसाठी यंत्रं तेव्हाही मिळत. पडद्यावर अक्षरांच्या ओळी पाळीपाळीने उजळत आणि गालावर चिकटवलेल्या चकतीला हालचाल जाणवली की ओळ पकडली जाई. रुग्णालयाने तसं एक यंत्र पुकाऱ्यांना लावूनही बघितलं होतं. सकाळी बरं चालायचं. मग अक्षरं चुकायला लागत. 'पाणी' मागायला जावं तर 'पाटी' उमटे, तीही अर्धवट. शेवटी डॉक्टरांनी कागदावर लिहून टाकलं की रुग्णाचं लक्ष टिकत नाही.

मॅडमनी आठवड्यामागून आठवडे नुसतं बघितलं. त्यांच्या लक्षात आलं की पुठ्ठ्यावर पुकारे असे चुकत नाहीत. गाल थकला की ओढायला वेळ लागतो, आणि बहीण आपसूकच सावकाश अक्षरं म्हणायला लागते. आपण असं करतो हे तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. यंत्र मात्र सकाळपासून एकाच चालीने धावत राही आणि मागे पडलेल्या माणसाला चुकार ठरवी.

"म्हणजे याला थकवा कळला पाहिजे," मॅडम आपल्या विद्यार्थ्याला म्हणाल्या. हा विद्यार्थी ताडमाड उंच होता, सगळे त्याला लंबूच म्हणत. डोकं मात्र बावनकशी. "माणूस थकला की नाही हे चुका व्हायच्या आधी कळलं पाहिजे."

"आधी कसं कळणार, मॅडम?"

"तेच तर शोधायचंय."

शोधायला दोन वर्षं लागली. गाल ओढण्याआधी जो किंचित विलंब होतो, तो कसा वाढत जातो, कुठे अडतो, मधेच थोडी विश्रांती मिळाली तर कसा पुन्हा उतरतो, या सगळ्याचं सूत्र लंबूने बसवलं. पण ते सूत्र पुकाऱ्यांच्या गालाचं होतं. दर आठवड्याला मॅडम जायच्या, चकती एक केसभर इकडे, एक केसभर तिकडे करून बघायच्या, पुकाऱ्यांकडून तीच ती वाक्यं लिहून घ्यायच्या. हळूहळू यंत्र त्यांच्याबरोबर चालायला शिकलं. ते थकले की थबके, ताजे झाले की पाय उचले. लिहिलेलं वाक्य ते मोठ्याने वाचूनही दाखवायचं.

पहिल्यांदा आवाज आला तेव्हा पुकारे घरी आले होते. बहिणीने शिवणयंत्र कोपऱ्यात सारून खाट खिडकीशी लावली होती. यंत्राचा आवाज सपाट, नाकात बोलल्यासारखा. पुकाऱ्यांनी तो ऐकला आणि लिहिलं, "या आवाजाने गिऱ्हाईक पळेल." मग थोडं थांबून पुढचं लिहिलं. यंत्राने निर्विकारपणे वाचलं, "पलंग. मजबूत. मालक उठायचं नाव घेत नाही. बोली लावा."

बहीण हसता हसता रडायला लागली. लंबू खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. मॅडमनी मात्र चकतीची वायर नीट करायचं निमित्त काढलं आणि बराच वेळ ती वायर सोडली नाही.

नंतरची चार-पाच वर्षं मॅडमच्या आयुष्यातली सगळ्यात चांगली. शोधनिबंध छापून आले. परदेशातल्या एका परिषदेत पुकाऱ्यांची चित्रफीत दाखवली तेव्हा माणसं उभी राहिली. मॅडम सहयोगी प्राध्यापकाच्या पूर्ण प्राध्यापक झाल्या, आणि विभागप्रमुखांनी यंत्रासोबत आपलाही फोटो काढून घेतला. इकडे पुकाऱ्यांच्या तोंडाचा पट्टा पुन्हा सुरू झाला होता. शेजारणीला वासावरून वरण करपल्याचं सांग, बहिणीला दुपारी झोपण्यावरून टोच, लिलावघरातले जुने सोबती आले की त्यांच्या टकलांवर बोली लाव. मुख्य म्हणजे बहिणीशी त्यांचं भांडण व्हायला लागलं. ती मॅडमना कौतुकाने सांगायची, "काल तीन वेळा बोलणं टाकलं त्याने माझ्याशी. म्हणजे बघा, बोलणं टाकायला आधी बोलणं असावं लागतं."

मग प्रकल्पाची मुदत संपली.

विभागप्रमुखांनी बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता, फक्त कशातच अडकून पडायची त्यांना सवय नव्हती. "मॅडम, हे यंत्र किती लोक वापरतात?"

"एक."

"आणखी कितींना उपयोगी पडेल?"

"अशा कुणालाही. पण प्रत्येकासाठी वर्ष-दीड वर्ष त्याच्याजवळ बसावं लागेल."

"मग हे संशोधन म्हणायचं की शेजारधर्म?"

मॅडम दोन कंपन्यांकडे गेल्या. पहिलीने फोनवरच हात वर केले. दुसरीकडचे दोघं तरुण पुकाऱ्यांच्या घरी आले, भारावून गेले, जाताना त्यांच्या पायांनाही हात लावला. दारात मात्र एकाने हळूच विचारलं, "हे बॉक्समध्ये घालून विकता येईल का, मॅडम? म्हणजे घरच्यांनी उघडायचं, लावायचं, झालं?" नाही येणार, मॅडम म्हणाल्या. ते पुन्हा आले नाहीत.

नव्या अनुदानासाठी अर्ज केले, ते परत आले. एका परीक्षकाने विचारलं होतं, यात नवीन काय? खरंच काही नवीन नव्हतं. जे चालत होतं ते चालू ठेवायचं होतं. मॅडमनी त्यावरच एक निबंध लिहिला, की अशी यंत्रं बनवून माणसाच्या आयुष्यात शिरायचं आणि अनुदान संपलं की निघून जायचं, याचं काय करायचं. तो तीन ठिकाणांहून साभार परत आला. नवे विद्यार्थी येत, विचारत आणि दुसऱ्याकडे जात. त्यांचंही बरोबर होतं. दुसऱ्याच्या जुन्या यंत्राची डागडुजी करून कुणाला पदवी मिळते?

तेव्हा मॅडम एकट्याच डागडुजी करू लागल्या. दर शनिवारी सोल्डरिंगचं यंत्र, वायरी आणि चिकटपट्टी पिशवीत घालून निघायच्या. त्यांचे यजमान शाळेत भूगोल शिकवायचे, शांत माणूस. पण तेही एकदा म्हणाले, "लोकांची बायको प्राध्यापक असते. माझी वायरमन आहे."

"चिडलास?"

"नाही गं. विचारतोय फक्त. हे कुठवर?"

मॅडमनी पिशवीची चेन लावली. मुलगी दुसऱ्या गावी शिकायला होती. तीही फोनवर म्हणायची, "आई, मी बोलून झाल्यावर तू इतका वेळ का थांबतेस? मला वाटतं फोन कट झाला." कुणी बोललं की पुढचं अक्षर यायची वाट बघत थांबायचं, हे मॅडमच्या अंगवळणीच पडलं होतं.

लंबू एकदा भेटायला आला. तो एका मोठ्या कंपनीत मोठ्या पदावर गेला होता, केस पिकायला लागले होते. मॅडमच्या खोलीतल्या त्याच जुन्या स्टुलावर गुडघे पोटाशी घेऊन बसला आणि उत्साहाने सांगायला लागला, "मॅडम, आपलं थकव्याचं सूत्र आठवतं? आम्ही वापरतो ते. माणूस मोबाईलवर बघत बसलेला असतो ना, त्याचं बोट मंदावायला लागलं की आम्हाला आधीच कळतं, आता हा कंटाळून उठणार."

"मग? त्याला उठू देता?"

"नाही नाही. त्याच क्षणी समोर असं काही टाकायचं की तो उठत नाही. फार सुंदर चालतं. कोट्यवधी लोक वापरतात, मॅडम. तुम्ही कायम म्हणायचात ना, आपलं काम एकाच माणसापुरतं राहिलं."

त्याच्या चेहऱ्यावर खरा आनंद होता, गुरूसाठी काही घेऊन आल्यासारखा. मॅडमनी "वा" म्हटलं. चहा मागवला. पुकारे कसे आहेत, हे त्याने जाता जाता विचारलं, आणि त्या म्हणाल्या, बरे आहेत.

तेव्हा ते खरंच बरे होते. पुढच्या वर्षी जुना संगणक बसला. त्याचे सुटे भाग आता कुठे मिळत नव्हते. मॅडमनी बाजार पालथा घातला, भंगारवाल्यांकडे गेल्या, शेवटी नवा संगणक आणून त्यावर सगळं उतरवलं. पण जुना प्रोग्राम नव्या संगणकावर अडखळायचा. आणि त्याहून वाईट म्हणजे, मधल्या काळात पुकाऱ्यांचा गालही दुबळा झाला होता. इतकी वर्षं यंत्र त्यांच्याबरोबर रोज थोडंथोडं जुळवून घेत आलं होतं, म्हणून ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आता नव्याने शिकवायला घेतल्यावर उघड झालं की शिकण्यासारखं गालात फारसं उरलेलं नाही. चकतीला श्वास कळे, गिळणं कळे, गाल कळेना.

मॅडमनी रजा टाकली आणि रोज जायला लागल्या. डोळ्यांच्या हालचालीवर चालणारं तयार यंत्र उसनं आणलं. पुकाऱ्यांची बुबुळं एका जागी ठरत नसत, पडद्यावर ठिपका नुसता भिरभिरत राही. कपाळावर चकती लावून बघितली, हनुवटीवर लावून बघितली. पापणीवरही लावली, पण ती खुणेसाठी मिटली की आपसूक लवली, हे यंत्राला कळेना. महिनाभराने पुकाऱ्यांनी प्रयत्न करणंच सोडलं. बहिणीने पुठ्ठा काढला. जुना फाटला होता, तिने नवा लिहिला. पण तिची नजर आता अधू झाली होती. भावाचा गाल हलला की नाही, हे तिला दिसायचं नाही. ती त्याच्या गालावर बोट ठेवून अक्षरं म्हणायची आणि मधेच कुठली ओळ चालू होती ते विसरायची.

अशाच एका दुपारी मॅडम तिथे असताना पुकाऱ्यांनी पुठ्ठ्यावर बोलायला घेतलं. मॅडमनी स्वतः बोट ठेवलं त्यांच्या गालावर. खूप वेळ लागला. मधे बहिणीने दिवा लावला. वाक्य पुरं झालं तेव्हा मॅडमनी ते मनातल्या मनात पुन्हा जुळवून बघितलं, काही चुकलं तर नाही ना म्हणून. चुकलं नव्हतं.

"यंत्र नव्हतं तेव्हा सवय होती."

"काय म्हणाला?" बहिणीने विचारलं.

मॅडमनी सांगितलं. बहिणीने पुठ्ठा उचलला आणि कपाटावर ठेवून दिला.

त्यानंतर पुकारे बोललेच नाहीत. पुठ्ठा समोर धरला की ते डोळे मिटून घेत. डॉक्टर म्हणाले, प्रकृतीत तसा काही बिघाड नाही. अन्न नळीतून जातं, ऐकू येतं, समजतं. नाही बोलायचं म्हणतोय रुग्ण, तो त्याचा हक्क आहे. मॅडम मात्र शनिवारी जायच्या. खाटेशेजारी बसून इकडचं तिकडचं सांगायच्या, कधी नवी चकती आणायच्या. चकती लावली की पुकारे डोळे मिटत. काढली तरी उघडत नसत.

निवृत्तीच्या दिवशी विभागात छोटा समारंभ झाला. विभागप्रमुख आता कुलगुरूंच्या कार्यालयात गेले होते, तेही आवर्जून आले. त्यांनी भाषणात सांगितलं की मॅडमच्या मूळ संशोधनावर आज जगभर काम चालतं, आणि ते खोटं नव्हतं. लंबूच्या कंपनीने पुष्पगुच्छ पाठवला होता. एका नव्या प्राध्यापकाला मॅडमची प्रयोगशाळा मिळायची होती, तो दारातूनच भिंतींची मापं घेत होता. मॅडमनी सगळ्यांचे आभार मानले, फुलं यजमानांच्या हातात दिली, आणि खोलीतल्या सामानातलं काय ठेवायचं असं कुणीतरी विचारलं तेव्हा म्हणाल्या, काही नको.

आता वेळच वेळ होता. त्या आठवड्यातून तीनदा पुकाऱ्यांकडे जाऊ लागल्या. एकदा निघताना बहीण त्यांच्याबरोबर जिन्यापर्यंत आली. कठड्याला धरून उभी राहिली.

"मॅडम, वाईट वाटून घेऊ नका. पण तुम्ही येऊ नका आता."

"माझं काही चुकलं का, ताई?"

"चुकलं कुणाचंच नाही. पण तुम्ही येता त्या दिवशी तो संध्याकाळपर्यंत डोळे उघडत नाही. एरवी उघडतो. खिडकीतून बाहेर बघतो, माझ्याकडे बघतो. मी हाताच्या अंदाजाने शिवत बसते, तो बघत बसतो. तेवढंच आहे आमचं. तुमची चाहूल लागली की त्याला वाटतं, आता पुन्हा काहीतरी करून बघायचं."

"मी काही आणणार नाही पुढच्या वेळी. रिकाम्या हाताने येईन."

"त्याला कसं कळणार ते?" बहीण म्हणाली. "आणि कळलं तरी सांगणार कसा?"

मॅडम जिना उतरल्या. खालच्या पायरीवर क्षणभर थांबल्या, वर बघितलं. बहीण आत गेली होती.

त्यांनी जाणं बंद केलं. घरी बसून त्या यजमानांना भाजी निवडून देत, मुलीशी फोनवर बोलत, दुपारी वाचायला पुस्तक घेत आणि पहिल्याच पानावर अडकत. एका नियतकालिकाने आठवणी लिहायला सांगितल्या, त्यांनी नाही म्हटलं. यजमान विचारायचे, "एखाद्या दुसऱ्या रुग्णाला बघायचं का? असतील की." मॅडम म्हणायच्या, "बघून पुढे?"

महिन्यातून एकदा त्या बहिणीला फोन करत. बोलणं ठरलेलं असायचं. कसे आहेत? आहे तसाच आहे. तुमची तब्येत? चाललंय. एकदा मॅडमना राहवलं नाही.

"ताई, फोन जरा त्यांच्या कानाशी धराल का?"

बहीण घोटाळली. मग शिवणयंत्राची खुर्ची सरकल्याचा आवाज आला, पावलांचा आला. "कानाशी उशीवर ठेवलाय," ती लांबून म्हणाली.

मॅडमना वाटलं होतं, आपोआप काहीतरी सुचेल. काही सुचलं नाही. पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता, संथ, घशात थोडा अडकणारा. "पुकारेसाहेब," त्या म्हणाल्या, "मी बोलतेय." आणि थांबल्या. पलीकडचे डोळे उघडे आहेत की मिटलेले, हे कळायला काहीच मार्ग नव्हता. "मी येणार नाहीये," त्या म्हणाल्या. "एवढंच सांगायचं होतं. काही आणणार नाहीये."

श्वास चालू राहिला. थोड्या वेळाने पावलं जवळ आली, फोन उचलला गेला आणि बहीण म्हणाली, "झालं का, मॅडम? माझं दूध उतू जाईल."

"झालं," मॅडम म्हणाल्या.